हरणाची दाढ आणि वयाचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा बोनस, वेतनकरार, नाही तर कंत्राटी कामगारांचा प्रश्न असा एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळवला तो हरणाच्या दातांचा विषय. चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच पत्रिका छापायला दिली. कामगार चळवळीतल्या माणसाने या वयात रानात शिरावे कशाला, असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात आले असेल. कारण साधे आहे. आमचा निम्मा जन्म हजेरीपटावरच्या वयाच्या भांडणात गेला. ज्याच्या जन्माची नोंद कुठेच नाही असा माणूस कामाला लागायचा, कारकून त्याच्या तोंडाकडे बघून एक साल लिहायचा, आणि त्याच सालाच्या आधाराने पुढे तीस-पस्तीस वर्षांनी त्याला घरी बसवले जायचे. तो म्हणे, अजून दोन वर्षे आहेत. कचेरी म्हणे, कागद बघ. मग डॉक्टर. डॉक्टर वय ठरवतो ते कशावरून, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही ग्रंथालयात बसू लागलो. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाता जाता अमेरिकेतल्या हरणांपाशी येऊन पोहोचलो. शाळेत आम्ही फार दिवस टिकलो नाही, त्यामुळे एका विषयाची हद्द ओलांडून दुसऱ्यात जाऊ नये असे सांगणारे आम्हांला कोणी भेटले नाही.

प्रथम एका शब्दाविषयी. अमेरिकेत सरकारी परवान्याने हरणांची जी शिकार होते तिला तिकडचे लोक 'हार्वेस्ट' म्हणतात. हार्वेस्ट म्हणजे कापणी. ज्वारीची कापणी तशी हरणांची कापणी! हा शब्द आम्हांला खटकला, आणि खरे सांगायचे तर अजूनही थोडा खटकतो. जनावर गोळी घालून मारायचे आणि त्याला नाव शेतीचे द्यायचे, यात साळसूदपणा आहेच. माणसे कामावरून काढली म्हणजे 'संख्या आटोपशीर केली' असे म्हणणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण या शब्दात एक जबाबदारीही आहे, तीही कबूल केली पाहिजे. कापणी करणारा पुढच्या सालाचे बियाणे राखतो. किती पेरले, किती उगवले, किती कापले याचा हिशेब ठेवतो. लुटारू हिशेब ठेवत नाही.

अमेरिकेने दोन्ही करून पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची बेसुमार कत्तल झाली. मांस बाजारात विकायचे, कातडी विकायची, जंगल तोडून शेते करायची. इ. स. १९०० च्या सुमारास साऱ्या देशात ही हरणे तीन ते पाच लाख उरली होती, असा अंदाज सांगतात. त्याच साली बेकायदा मारलेल्या रानजनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद करणारा लेसी कायदा झाला. पुढे १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचे उत्पन्न रानजनावरांच्या कामासाठी राज्यांना देण्याचा कायदा झाला. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातून पैसे घेऊन त्याच्याच शिकारीवर हिशेबनीस बसवला. आज ती हरणे तीन कोटींच्या घरात आहेत असे मानतात. लांडगे आणि डोंगरी सिंह पूर्वेकडच्या बहुतेक प्रदेशांतून माणसाने आधीच संपवले होते, त्यामुळे आता हरणे कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच भीती अधिक. जास्त झाली की कोवळी रोपे खाऊन रान उजाड करतात आणि हिवाळ्यात उपाशी मरतात.

तेव्हा दर वर्षी किती हरणे मारू द्यायची हे ठरवावे लागते. हे ठरवायचे कशावरून? रानातली हरणे रांगेत उभी राहून हजेरी देत नाहीत. हाती सापडते ते मेलेले हरीण. म्हणून शिकारीच्या हंगामात रस्त्यांवर तपासणी नाके बसवतात. शिकारी आपले हरीण गाडीत घालून आणतो, आणि नाक्यावरचा माणूस त्याचे तोंड उघडून बघतो.

वय कशाला हवे? हजेरीपटाचे उदाहरण घेऊ. एखाद्या खात्यात शंभर माणसे आहेत आणि त्यांतली ऐंशी गेल्या वर्षी लागलेली आहेत, एवढेच तुम्ही आम्हांला सांगितलेत, तर त्या खात्यात पाऊल न टाकता आम्ही सांगू की तिथे माणूस टिकत नाही. हरणांचे तसेच. समजा एका जिल्ह्यात शंभर नर मारले गेले आणि त्यांतले ऐंशी दीड वर्षांचे निघाले, तर पहिली शिंगे फुटल्याबरोबर बहुतेक नर गोळीला बळी पडतात, पुढे वाढायला थोडेच उरतात, असे अनुमान निघते. सगळ्या वयांचे नर सापडले तर शिकारीचा ताण कमी. माद्यांच्या मानाने पाडसे किती, यावरून कळपाची वाढ कळते. अर्थात शिकारी मोठ्या शिंगांचा नर शोधत असतो, तेव्हा मारलेली हरणे म्हणजे रानातल्या हरणांचा हुबेहूब नमुना नव्हे. ती सूट-तूट धरावी लागते. परंतु मुळात वयच चुकले तर पुढचे सगळे गणित चुकते. तरणी हरणे म्हातारी म्हणून लिहिली गेली, तर कागदावर कळप दीर्घायुषी दिसतो, परवाने वाढतात, आणि कागद खरा की रान खरे हे समजायला काही साले जातात.

शिंगांवरून वय सांगता येते असा पुष्कळांचा समज आहे. जितकी टोके तितकी वर्षे! तो खोटा आहे. या हरणांची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी येतात. ती किती मोठी येणार हे वयावर जसे, तसे खाण्यावरही अवलंबून असते. चांगल्या चाऱ्याच्या प्रदेशातला दीड वर्षाचा नर, निकृष्ट रानातल्या मोठ्या नराला शिंगांत मागे टाकू शकतो. म्हणून दातांकडे जावे लागते.

आता इथे शेतकरी मंडळी बसली आहेत, त्यांना आम्ही दातांची विद्या काय शिकवणार? बैलबाजारात व्यापारी बैलाची नाकपुडी धरून ओठ वर करतो आणि एका नजरेत सांगतो: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. बैलाच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात. खाली आठ असतात, आणि ते दुधाचे पडून कायमचे जोडीजोडीने येतात. पाचव्या वर्षाच्या आसपास जुळणी पुरी होते. जुळलेल्या बैलाच्या पुढे मात्र व्यापाऱ्याची जीभ जरा सैल होते, आणि घेणाऱ्यानेही ती तशीच धरायची असते. हरीणही रवंथ करणारेच जनावर. त्यालाही वर पुढचे दात नाहीत, खाली आठ. पण हरणाचे वय बघणारा पुढच्या दातांवर फारसा थांबत नाही. तो गाल फाकवून खालच्या दाढा बघतो.

खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला पुऱ्या वाढलेल्या हरणाला सहा दाढा असतात. पुढच्या तीन लहान, मागच्या तीन मोठ्या. लहान तीन आधी दुधाच्या असतात, त्या पडून कायमच्या येतात. मागच्या तिन्ही एकदाच येतात, आणि एकीमागून एक येतात. सगळी मेख या दोन गोष्टींत आहे.

आम्ही इथे मेजावर दोन जबडे ठेवले आहेत. ते हरणाचे नाहीत, शेळीचे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाचा जबडा असा पिशवीतून आणता येत नाही, आणि आणू नये हेच बरे. खाटीक मित्राकडून हे आणले. शेळीची आणि हरणाची दातांची मांडणी पुष्कळशी सारखी आहे, बत्तीसचीच. हा लहान जबडा बघा. पुढून तिसरी दाढ. तिला तीन कंगोरे आहेत, एखाद्या लहानशा डोंगररांगेसारखे. ही दुधाची आहे. हा मोठा जबडा बघा. त्याच जागी आता दोन कंगोऱ्यांची दाढ आहे. दुधाची पडली, कायमची आली. मागल्या बाकांवरच्या मंडळींना दिसणार नाही. भाषण संपल्यावर पुढे येऊन पाहावे. एवढे मात्र लक्षात ठेवा की दाढ पुढून मोजायची. कारण अगदी शेवटची दाढही तीन भागांची असते, आणि मागून मोजणारा फसतो.

ही पांढऱ्या शेपटीची हरणे मे अखेर किंवा जून महिन्यात जन्मतात, आणि शिकार होते हिवाळ्याच्या तोंडाशी. म्हणून त्यांची वये नेहमी अर्ध्यात सांगतात: अर्धे वर्ष, दीड, अडीच, साडेतीन. नाक्यावर आलेल्या पाडसाच्या जबड्यात सहा दाढा पुऱ्या झालेल्याच नसतात. चार किंवा पाच दिसल्या की पाडूस. दीड वर्षाच्या हरणाची तिसरी दाढ तीन कंगोऱ्यांची, झिजून बोथट झालेली असते. किंवा नुकतीच पडून तिच्या जागी दोन कंगोऱ्यांची नवी आलेली असते. नवी असली तर ती शेजारच्या डागाळलेल्या दाढांत पांढरीशुभ्र उठून दिसते, आणि सर्वांत मागची दाढ हिरडीतून पुरती वर आलेली नसते. इथपर्यंत फारशी शंका नाही. चार हंगाम काम केलेला माणूस इथे सहसा चुकत नाही.

अडीच वर्षांनंतर मात्र नवे काही उगवत नाही. जे आहे ते झिजत जाते. इथून पुढे वय मोजायचे ते झिजेवर.

दाढेवर बाहेरून इनॅमलचे पांढरे, फार कठीण कवच असते. आत डेंटीन, तपकिरी आणि त्यामानाने मऊ. कंगोरा नवा असतो तेव्हा धारदार असतो, पांढऱ्या कवचाच्या मध्ये तपकिरी रेघ केवळ बारीक दिसते. चावून चावून धार गेली की ती रेघ रुंद होते. १९४९ साली न्यूयॉर्क राज्याच्या वनखात्याकडील सेव्हरिंगहॉस यांनी, ज्यांचे वय माहीत होते अशा हरणांचे जबडे जमवून या झिजेचा तक्ता प्रसिद्ध केला. ढोबळ मानाने तो असा: मागच्या तीन मोठ्या दाढांपैकी पहिली सर्वांत आधी उगवते, म्हणून ती सर्वांत आधी झिजते. अडीच वर्षांत तिच्या जिभेकडच्या कंगोऱ्यावर पांढरे रुंद, तपकिरी अरुंद. साडेतिनात तपकिरी पांढऱ्याहून रुंद. साडेचारात दुसरीचीही तीच गत, साडेपाचात तिसरीची. पुढे कंगोरे सपाट होत जातात आणि फार म्हाताऱ्या हरणाची पहिली दाढ हिरडीला टेकते. तिच्यावर मग घास दळला जात नाही.

तक्ता सुटसुटीत होता. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, रस्त्याच्या कडेला कंदिलाच्या उजेडातही काम होते. नमुन्याचे जबडे फळीवर क्रमाने बसवून नाक्यानाक्यावर ठेवता येतात. म्हणून न्यूयॉर्कच्या हरणांवरून केलेली ही रीत देशभर पसरली. आम्ही स्वतः अशा रीतींचे चाहते आहोत. गरीब खात्याला परवडते तीच रीत टिकते.

पण झीज म्हणजे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दात उगवतो तो जन्माच्या घड्याळावर. झिजतो तो कामाच्या घड्याळावर. गवतात स्वतःचीच वाळूसारखी कठीण सिलिका असते. त्यात जमिनीलगतच्या चाऱ्यावर माती आणि रेती बसलेली. रेताड मुलखातल्या हरणाने तीन वर्षांत जेवढी दाढ झिजवली, तेवढी मऊ पाल्यावर वाढलेल्या हरणाने पाच वर्षांतही झिजवली नसेल. आपल्याकडच्या जुन्या पिढीचे दात आठवा. दगडी जात्यावरचे पीठ, त्यात दगडाची बारीक कच. जन्मभर भाकरी खाल्लेल्या आजीच्या दाढा पाटीसारख्या सपाट असत. त्या दाढांवरून तिचे वय सांगायला बसलो असतो, तर आजी शंभराच्या पुढे गेली असती.

ही शंका केवळ तर्काची नव्हती. तिची परीक्षाही पुढे झाली. पाडसे लहान असतानाच त्यांच्या कानांत बिल्ले अडकवून सोडायची, आणि वर्षांनी ती शिकारीत सापडली की त्यांचे जबडे, वय न सांगता, जाणकारांपुढे ठेवायचे. ओक्लाहोमातल्या संशोधकांनी २००२ साली अशा तपासणीचा निष्कर्ष छापला. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की या रीतीने हरणांचे तीनच वर्ग भरवशाने करता येतात: पाडूस, दीड वर्षाचे आणि त्याहून मोठे. म्हणजे जिथपर्यंत दात उगवण्याचा हिशेब आहे तिथपर्यंत ठीक, आणि झिजेचा सुरू झाला की डळमळीत. पन्नासएक वर्षे चाललेल्या रीतीबद्दल असे लिहायला धीर लागतो. तो त्या मंडळींनी दाखवला, आणि आम्हांला त्याचे कौतुक वाटते.

दुसरी एक रीत आहे. दाताच्या मुळावर दर वर्षी एक पातळ थर चढतो, त्याला सिमेंट म्हणतात. हिवाळ्यात वाढ मंदावते तेव्हाची गडद रेघ त्यात उमटते. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखेच. पुढचा एक दात उपटायचा, आम्लात मऊ करायचा, पातळ काप काढून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या. १९६० नंतरच्या दशकात ही पद्धत हरणांसाठी रूढ होऊ लागली. जिथे हिवाळा कडक तिथे ती झिजेपेक्षा पुष्कळच खात्रीची आहे. दक्षिणेकडच्या उबदार मुलखात रेघा फिकट पडतात आणि मोजणारे आपसांत भांडतात. शिवाय तिला प्रयोगशाळा लागते, पैसे लागतात, महिने लागतात.

झिजेबद्दल आणखी एक गोष्ट आम्हांला विलक्षण वाटली, ती सांगतो. स्पेनमधल्या तांबड्या हरणांचा अभ्यास करून तिथल्या संशोधकांनी २००४ साली 'नेचर' या पत्रात लिहिले, की या जातीचा नर मादीपेक्षा देहाने पुष्कळ मोठा असतो, पण त्याच्या दाढा त्या मानाने वाढलेल्या नसतात. देह मोठा, म्हणून खाणे अधिक. दळण अधिक आणि जाते लहान. साहजिकच नराच्या दाढा लवकर संपतात, आणि त्याचे आयुष्यही मादीपेक्षा आखूड असते. माजाच्या चार हंगामांत माद्यांसाठी झुंजून घेण्यापुरतेच जणू त्याला दात दिलेले. खुराकावर भरमसाट काम करून घ्यायचे आणि हत्यार मात्र अपुरे द्यायचे, हा प्रकार आम्हांला ओळखीचा आहे. पण इथे मालक म्हणून बोट दाखवायला कोणी नाही, म्हणून पुढे जातो.

आता आम्ही ज्या वाटेने हरणांपर्यंत आलो त्या वाटेने थोडे मागे जाऊ. दातांवरून वय ठरवण्याचा एक फार मोठा प्रयोग माणसांवर झाला, आणि तो कारखान्यातल्या मुलांवर झाला. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने कापडाच्या बहुतेक गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, आणि नऊ ते तेरा या वयाच्या मुलांचे काम आठवड्याला ४८ तासांवर आणले. कायदा झाला, पण मूल नऊ वर्षांचे आहे हे कोणी सांगायचे? जन्मनोंदणीचे सरकारी खाते तिथे १८३७ साली सुरू झाले. आईबापांना मजुरी हवी, मालकाला स्वस्त हात हवे. दोघेही म्हणणार, मूल मोठे आहे. डॉक्टरने मुलाचे रूप आणि ताकद बघून दाखला द्यायचा. तेव्हा एडविन साँडर्स नावाच्या दंतवैद्याने सुमारे हजार मुलांची तोंडे तपासली, आणि उंचीपेक्षा दात अधिक खरे बोलतात असे दाखवणारी पुस्तिका १८३७ मध्ये पार्लमेंटच्या सभासदांपुढे ठेवली. पुढे तो राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य झाला आणि 'सर' झाला. त्याची ही पुस्तिका आम्हांला त्याच्या त्या किताबापेक्षा मोठी वाटते.

एक गोष्ट नीट पाहा. साँडर्सने कोणता दात कधी उगवतो हे पाहिले. किती झिजला हे पाहिले नाही. पाडसाच्या बाबतीत नाक्यावरचा माणूस जे करतो तेच. म्हणून त्याची रीत टिकली.

आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षे! १८९१ मध्ये ती नऊ झाली, १९२२ मध्ये बारा, १९४८ च्या कायद्यात चौदा. प्रत्येक पायरीवर दाखला देणारा डॉक्टर होताच, आणि त्याच्यापुढे तोंड उघडून उभे असलेले मूल होते. जन्ममृत्यूच्या सक्तीच्या नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ सालचा. त्याच्या आधी, आणि कित्येक खेड्यांत त्याच्या नंतरही, माणसाचे वय म्हणजे आईची आठवण. मोठ्या पुराच्या साली झाला, दुष्काळात रांगत होता, अशी.

मोठ्या माणसाचे वय डॉक्टर किती अचूक सांगू शकतो? १९८२ साली जयमाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की क्ष-किरणांच्या तपासणीने ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक संभवते. हे वाक्य आम्ही कित्येक अर्जांत उद्धृत केले आहे. कारण खाली काम करणाऱ्या कचेऱ्यांत अंदाजाचा आकडा एकदा शाईने लिहिला, की तो अंदाज राहत नाही, पत्थरकी लकीर होतो. आमच्या ओळखीचा एक रंगाऱ्याचा मदतनीस होता. रसायनांच्या वाफेने त्याचे केस तिशीतच पांढरे झाले होते, पुढचे दात गेले होते. एका कारखान्यात त्याला कायम करताना वय दहा वर्षांनी वाढवून लिहिले गेले. लबाडी कोणी केली नव्हती. त्याच्याकडे बघून कोणीही तेच लिहिले असते. त्याची झीज मोजली गेली, आणि ती वर्षे म्हणून नोंदली गेली. पुढे त्या वाढीव वर्षांचा पगार त्याला कोणी दिला नाही.

हरणाच्या बाबतीत अशी चूक झाली तर हरणाचे काही बिघडत नाही; ते आधीच मेलेले आहे. बिघडते ते रानात उरलेल्यांचे. म्हणून तिकडच्या चांगल्या खात्यांत आता काय करतात ते सांगण्याजोगे आहे. नाक्यावर तीन ढीग: पाडसे, दिडाची, मोठी. एवढ्यानेही कळपाचा पुष्कळसा हिशेब लागतो, कारण हजारो हरणांच्या हिशेबात मुख्य प्रश्न असतो तो पहिल्या दोन वर्षांत किती जगतात आणि किती जातात हाच. अडीच की साडेतीन हे खरोखर कळायलाच हवे असेल, तर पुढचा दात प्रयोगशाळेत. झिजेचा तक्ता टाकून दिलेला नाही. फळीवरचे जबडे अजून आहेत, शिकारी हौसेने बघतात, कर्मचारीही अंदाज सांगतात, पण कागदावर लिहिताना 'मोठे' एवढेच लिहायचे. जिथे ठाऊक नाही तिथे रकाना रुंद ठेवायचा. आमच्या वेळच्या कारकुनांना हे कोणी शिकवले असते तर पुष्कळ घरांत चूल दोन वर्षे अधिक पेटली असती.

आपल्या देशात परवान्याच्या शिकारीचा हा प्रश्न उरलेला नाही. इथे जबडे जमवावे लागतात ते वाघाने सोडलेले. जॉर्ज शॅलर हे शास्त्रज्ञ १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात राहिले, आणि १९६७ साली हरीण व वाघ यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. वाघाने मारलेल्या चितळांचे वय ते दातांवरून लावत. वाघ म्हातारी, दुबळी जनावरेच उचलतो की भर जवानीतलीही उचलतो, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. कान्हाचे चितळ आणि न्यूयॉर्कचे हरीण यांचा चारा एक नाही, ऋतू एक नाहीत. तेव्हा एकाचा तक्ता दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हे आता आपल्याला निराळे सांगायला नको.

राहता राहिला तो अमेरिकेतला शिकारी. त्याची तऱ्हा मजेची आहे. त्याने नर मारलेला असतो, शिंगे बघून शेजाऱ्यांना 'सात वर्षांचा खोंड होता' असे सांगून ठेवलेले असते. त्याला हौस असेल तर तो पुढचे दोन दात उपटून लहानशा लिफाफ्यात घालतो, वर आपले नाव, तारीख आणि जागा लिहितो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. उत्तर यायला काही महिने लागतात. तोवर बर्फ वितळलेले असते, हरणाचे मांस संपलेले असते, आणि लिफाफ्यातून येते एक चिठ्ठी: साडेतीन.